साखळीचा जागल्या

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान रेझिन कारखान्यात नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते, तेव्हा एका रात्रपाळीत आमची बॅच जेल झाली. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. केटलमध्ये झायलीन उकळत होतं. वरच्या टाकीतून ॲक्रिलिक मोनोमर हळूहळू सोडला जात होता आणि शेजारच्या बारीक लाइनमधून पेरॉक्साइड. त्या बारीक लाइनमध्ये कचरा अडकला. पेरॉक्साइड थांबलं, मोनोमर मात्र येतच राहिला आणि न जुळता केटलमध्ये साठत गेला. कुणीतरी लाइन मोकळी केली आणि तुंबलेलं पेरॉक्साइड एकदम आत गेलं. पुढच्या दहा मिनिटांत तापमान असं चढलं की कंडेन्सर पुरा पडेना. साइट ग्लासमधून दिसणारा द्रव आधी काकवीसारखा झाला, मग चिक्कीच्या पाकासारखा. स्टररच्या मोटरचा ॲमीटर वर वर गेला आणि मोटर ट्रिप झाली. सकाळी मॅनहोल उघडलं तेव्हा आत पिवळट, चिवट असा एक अखंड गोळा बसला होता. छिन्नी-हातोड्याने तो काढायला चार माणसांना तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा नीट उमगलं की आपण रोज पॉलिमर बनवतो खरे, पण साखळी आपल्या ताब्यात नसते. आपण दाराशी उभे असतो. मोनोमर किती सोडायचा, पेरॉक्साइड किती, तापमान किती, एवढं आपल्या हातात. आत गेल्यावर कोणता रेणू कुणाला जुळतो, किती लांब वाढतो आणि कधी मरतो, ते सगळं योगायोगावर. हे पुस्तक त्या आतल्या भागाबद्दल आहे. साखळीला ताब्यात कसं आणता येतं, आणि त्या कामात रुथेनियम नावाच्या एका दुर्मीळ धातूने काय केलं, त्याबद्दल.

आधी नेहमीची पद्धत. मुक्त मूलक म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिला आहे असा रेणूचा तुकडा. पेरॉक्साइड गरम झालं की त्याचे असे तुकडे पडतात. तुकडा मोनोमरच्या दुहेरी बंधावर चढतो, त्याला स्वतःला जोडून घेतो, आणि तो एकटा इलेक्ट्रॉन आता नव्या टोकाला जातो. तिथून पुढचा मोनोमर, मग त्याच्या पुढचा. 60 अंशांना मिथाइल मिथाक्रिलेटमध्ये ही जुळणी सेकंदाला काही हजार वेळा होऊ शकते. साखळीचं सगळं आयुष्य एक-दोन सेकंदांचं, फार तर दहा सेकंदांचं. दोन मूलकं समोरासमोर आली की त्यांचे एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांना मिळतात आणि दोन्ही साखळ्या तिथेच संपतात. बॅच आठ तास चालते, पण त्या आठ तासांत एकही साखळी आठ तास जगलेली नसते. सकाळी जन्मलेली सकाळीच संपते, दुपारची दुपारी. मोनोमर भरपूर असताना बनलेल्या लांब, शेवटी बनलेल्या आखूड, आणि सगळ्यांचं मिश्रण ड्रममध्ये. वर उष्णता आहेच. मिथाइल मिथाक्रिलेटच्या प्रत्येक मोलमागे सुमारे 56 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक टन मोनोमर जुळला तर दीड टनाहून जास्त पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल इतकी. आमच्या केटलमध्ये त्या रात्री काय झालं असेल ते या आकड्यावरून कळतं.

आता पॉलिमर आपल्या भोवती कुठे कुठे आहे ते बघा. पिंपरीची औद्योगिक ओळख सुरू झाली ती 1954 च्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून, म्हणजे रसायनशास्त्रापासूनच; मोटारी नंतर आल्या. टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, त्यांच्या मागे भोसरीची हजारो छोटी शेड्स. मग कारखाने कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणकडे सरकले. 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचे कारखाने तिथे सुरू झाले. या पट्ट्याची सगळी चर्चा लोखंडाची असते: प्रेस शॉप, वेल्डिंग, मशीनिंग. पण गाडी शोरूममध्ये उभी राहते तेव्हा गिऱ्हाइकाचा हात ज्याला लागतो तो पॉलिमर असतो. बॉनेटवरचा क्लिअरकोट, हेडलॅम्प, डॅशबोर्ड, काचेभोवतीचा सीलंट, इंजिन ऑइलमधला घट्टपणा सांभाळणारा पदार्थ, सगळं पॉलिमर. जगात बनणाऱ्या कृत्रिम पॉलिमरपैकी निम्म्याच्या आसपास मुक्त मूलकांच्या वाटेनेच बनतात. कारण ही वाट फार सोशिक आहे. थोडं पाणी असलं तरी चालतं, मोनोमर अगदी शुद्ध नसला तरी चालतं. तिचा दोष एकच, ती ताब्यात राहत नाही.

क्लिअरकोटवर जरा थांबते, कारण माझं बहुतेक आयुष्य त्यातच गेलं. पेंट शॉपमध्ये बॉडीवर ईडी कोट बसतो, मग प्रायमर, मग बेसकोट, आणि सर्वांत वर हा पारदर्शक थर. त्यात ॲक्रिलिक साखळ्या असतात आणि त्यांच्या अंगावर अधूनमधून हायड्रॉक्सिल गट असतात. ओव्हनमध्ये किंवा हार्डनरशी ते गट जुळले की सगळ्या साखळ्या एकमेकींना गुंफल्या जाऊन जाळं तयार होतं. आता योगायोगाने बनलेल्या साखळ्यांमध्ये काही इतक्या आखूड असतात की त्यांच्या वाट्याला हायड्रॉक्सिल आलेलाच नसतो. त्या जाळ्यात शिरत नाहीत. थरात नुसत्या पडून राहतात, त्याला मऊ ठेवतात, आणि पेट्रोल सांडलं की सुटून बाहेर येतात. उलट ज्या फार लांब असतात त्या एकमेकींत गुरफटून रंग घट्ट करतात. घट्ट रंग बंदुकीतून नीट उडत नाही, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. मग पेंटर थिनर वाढवतो. थिनर वाढवला की उभ्या पॅनलवर रंग ओघळतो, आणि ते सगळं थिनर शेवटी हवेत जातं. म्हणजे निगडी-तळवड्याच्या हवेत जाणाऱ्या द्रावकाचा काही वाटा थेट साखळ्यांच्या असमान लांबीचा आहे. लांबीतल्या या फरकाला मी पुस्तकभर ‘पसारा’ म्हटलं आहे. सगळ्या साखळ्या सारख्या असत्या तर पसाऱ्याचा आकडा 1 असता. जुन्या पद्धतीत तो दीडच्या खाली जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात दोन, तीन, त्याहूनही वर असतो.

साखळी मरूच नये अशी व्यवस्था 1956 मध्ये मायकेल श्वार्ट्झ यांनी करून दाखवली होती. पण ती ऋणभारित टोकांची साखळी होती. पाण्याचा थेंब, हवेचा बुडबुडा, हायड्रॉक्सिल गट, यातलं काहीही तिला मारतं. कारखान्यात ती पाळणं अवघड. मूलकांचं उलटं: ती बाहेरच्या पाण्याला घाबरत नाहीत, एकमेकांना मात्र भेटली की मरतात. म्हणून अनेक वर्षं असं धरलं गेलं की मूलकाची साखळी काबूत येणं शक्यच नाही.

तोडगा निघाला तो एका साध्या हिशेबातून. दोन मूलकं भेटण्याचा वेग मूलकांच्या संख्येच्या वर्गावर चालतो, साखळी वाढण्याचा वेग नुसत्या संख्येवर. मूलकं दहापट कमी केली तर वाढ दहापट मंदावते, पण मरण शंभरपट. तेव्हा साखळ्या खूप असू द्याव्यात, मात्र एका क्षणी जाग्या फार थोड्या असाव्यात. बाकीच्यांच्या टोकावर झाकण बसवून त्यांना झोपवून ठेवावं. झाकण निघालं की साखळीने दोन-चार पावलं टाकायची आणि पुन्हा झोपायचं. चांगल्या चाललेल्या बॅचमध्ये साधारण दहा लाख साखळ्या झोपलेल्या असतात तेव्हा एक जागी असते.

तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते, ते मी लहानपणापासून पाहते आहे. एवढ्या दिंड्या, म्हातारी माणसं, पोरं, तरीही पंढरपूरला सगळे जवळजवळ बरोबर पोहोचतात, कारण विसावे ठरलेले असतात. कुणी अखंड पळत नाही. साखळ्यांचंही तसंच आहे. प्रत्येकीला थोडं चालायला आणि पुष्कळ थांबायला लावलं की आठ तासांनी सगळ्यांची लांबी जवळपास सारखी येते.

झाकण काढायचं आणि बसवायचं हे काम कुणी करायचं? इथे रुथेनियम येतं. 1844 मध्ये कार्ल क्लाउस यांनी रशियातल्या कझान शहरात, उरल पर्वतातल्या प्लॅटिनमच्या खनिजाच्या गाळातून हा धातू वेगळा केला आणि रशियाच्या लॅटिन नावावरून त्याला नाव दिलं. अणुक्रमांक 44. आवर्तसारणीत तो लोखंडाच्या अगदी खालच्या घरात बसतो, शेजारी ऱ्होडियम आणि पॅलेडियम. ऱ्होडियम, पॅलेडियम आणि प्लॅटिनम ही भावंडं चाकणमधून बाहेर पडणाऱ्या पेट्रोल गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतात. रुथेनियम तिथे नाही. सायलेन्सरच्या उष्णतेत त्याचा ऑक्साइड उडून जातो, आणि तो विषारीही आहे. कमी तापमानाच्या द्रावणात मात्र त्याच्यासारखा कामाचा धातू विरळा. त्याची इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याची तयारी मोठी आहे, आणि +2 व +3 या दोन अवस्थांमध्ये तो सहज ये-जा करतो. आपल्याला तेवढीच ये-जा हवी असते.

ज्या संकुलाभोवती हे पुस्तक फिरतं त्यात मध्ये एक रुथेनियम, भोवती दोन क्लोरीन आणि तीन ट्रायफिनाइलफॉस्फीन असतात. 1966 मध्ये स्टीफनसन आणि विल्किन्सन यांनी ते बनवलं. कृती सरळ आहे: रुथेनियम क्लोराइड आणि भरपूर ट्रायफिनाइलफॉस्फीन मिथेनॉलमध्ये उकळायचं, काळपट तपकिरी स्फटिक खाली बसतात. ते बाटलीत बऱ्यापैकी टिकतात, पण द्रावणात गेल्यावर हवेचा स्पर्श सहन करत नाहीत. मी स्वतः हे पहिल्यांदा केलं तेव्हा टोल्युइनमधलं द्रावण गडद तपकिरी होतं. फ्लास्कच्या तोंडावरच्या रबरी बुचाला, म्हणजे सेप्टमला, सुईने पडलेलं एक जुनं भोक होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. अर्ध्या तासाने कडेने हिरवी झाक दिसायला लागली. संध्याकाळपर्यंत सगळा फ्लास्क हिरवा, आणि मोनोमर होता तसा पातळ. या पुस्तकातल्या प्रत्येक प्रयोगात नायट्रोजन आणि व्हॅक्यूमवर इतकी पानं का खर्च केली आहेत, ते त्या हिरव्या फ्लास्कमुळे.

हे संकुल काम कसं करतं ते नीट पाहू. सुरुवातीला आपण कार्बन-क्लोरीन बंध असलेला एक छोटा रेणू टाकतो, म्हणजे साखळीचं बी. रुथेनियम त्याचा क्लोरीन अणू स्वतःकडे ओढून घेतं. तो घेताना रुथेनियम +2 वरून +3 वर जातं आणि मागे एक मूलक उरतं. ते दोन-चार मोनोमर जोडतं. तेवढ्यात क्लोरीन बाळगणारं रुथेनियम पुन्हा जवळ येतं, क्लोरीन त्याच्या टोकाला परत देतं, आणि स्वतः पुन्हा +2 होतं. साखळी झोपली, धातू मोकळा झाला. हे प्रत्येक साखळीच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होत राहतं. आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. गाव झोपलेलं असताना त्याने जागं राहायचं. रुथेनियमला मी जागल्या म्हणते ते यासाठी. साखळ्या झोपतात, उठतात, वाढतात, धातू मात्र सतत फेऱ्या मारत असतो आणि शेवटी स्वतः जसाच्या तसा उरतो.

यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. सुरुवातीला काही मूलकं एकमेकांना भेटून मरतातच, ते टळत नाही. पण प्रत्येक मरणामागे +3 चं एकेक रुथेनियम मागे राहतं, हातात क्लोरीन घेऊन, ज्याला तो परत द्यायला साखळीच उरलेली नसते. अशी रुथेनियमं साठत जातात, आणि मग जी कुठली साखळी जागी होईल तिला झोपवायला कुणीतरी जवळच असतं. म्हणजे पहिल्या काही साखळ्यांच्या मरणातून उरलेल्या सगळ्यांना आवर बसतो, तोही बाहेरून काही न करता. झुरिकचे हान्स फिशर यांनी 1986 मध्ये या परिणामामागचं गणित मांडलं होतं, ते या धातूंचा विचार न करता. साखळीच्या कामात ते नऊ वर्षांनी लागू पडलं.

ते वर्ष 1995. क्योटो विद्यापीठात मित्सुओ सावामोतो यांच्या गटाने, ज्यात मासामी कामिगाइतो होते, मिथाइल मिथाक्रिलेटची साखळी या रुथेनियम संकुलाने वाढवून दाखवली. कल्पना आकाशातून पडली नव्हती. क्लोरीन अणू दुहेरी बंधावर चढवण्याची ही युक्ती शिकागोच्या खाराश यांनी 1945 मध्ये मांडली होती, एका रेणूपुरती. 1973 मध्ये जपानी रसायनतज्ज्ञांनी तेच काम रुथेनियमने करून दाखवलं, तेही एकाच पावलापुरतं. आणि सावामोतो व त्यांचे गुरू हिगाशिमुरा यांनी 1984 मध्ये धनभारित टोकांच्या साखळ्या झोपवण्याची रीत बसवलेली होती. एक पाऊल टाकून थांबणारी क्रिया आणि झोपेची रीत, ही दोन्ही त्यांनी एकत्र आणली. मला या शोधनिबंधाबद्दल विशेष आदर आहे तो त्याच्या शीर्षकामुळे. हे मूलकाचं जिवंत बहुवारिकीकरण आहे असं छातीठोक म्हणण्याऐवजी त्यांनी तिथे ‘शक्यता’ एवढाच शब्द ठेवला. साखळी वाढून संपल्यावर नवा मोनोमर टाकला तर तीच साखळी पुढे वाढते, हा पुरावा हातात असूनही. त्याच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, पिट्सबर्गमध्ये वांग आणि मातियाशेव्स्की यांनी हेच काम तांब्याने केलं. त्यांनी दिलेलं नाव, एटीआरपी, पुढे सर्वत्र रूढ झालं.

आता व्यवहाराचं बोलू, कारण चाकणमधला वाचक पहिला प्रश्न तोच विचारेल. क्योटोच्या त्या पहिल्या कृतीत 200 मोनोमर रेणूंमागे एक रुथेनियम संकुल होतं. हिशेब मांडा: 100 किलो मिथाइल मिथाक्रिलेटला जवळपास 4.8 किलो संकुल, आणि त्यात निव्वळ रुथेनियम अर्धा किलो. जगात हा धातू वर्षाला साधारण तीस टनच निघतो, तोही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनम काढताना सोबत मिळतो म्हणून. वर पॉलिमरला चहासारखा रंग येतो तो वेगळाच. क्लिअरकोटमध्ये तो कसा चालणार? म्हणून कारखान्यांनी तांबं घेतलं, किंवा ऑस्ट्रेलियात 1998 मध्ये पुढे आलेली धातूविना चालणारी राफ्ट पद्धत घेतली. जपानच्या कानेका कंपनीचे सीलंटसाठीचे पॉलिॲक्रिलेट तांब्यावरच्या एटीआरपीने बनतात. तांब्याचं प्रमाण पुढे दशलक्षात काही भागांपर्यंत खाली आणता आलं, आणि +2 वर अडकलेलं तांबं परत कामाला लावायला क जीवनसत्त्वही पुरतं.

मग रुथेनियमवर एवढं मोठं पुस्तक कशाला? माझं उत्तर असं की साखळी झोपवण्याचं तत्त्व या धातूत सर्वांत स्पष्ट दिसतं, आणि हायड्रॉक्सिल, अमाइड, एस्टर असे गट असलेले मोनोमर त्याला चालतात. आपल्या क्लिअरकोटला नेमके असेच मोनोमर लागतात. शिवाय त्याच्या भोवतीचे गट बदलले की त्याचा स्वभाव बदलतो. फॉस्फीनच्या जागी इंडेनिल किंवा पेंटामिथाइल सायक्लोपेंटाडायिनिल गट बसवले आणि थोडं अमाइन टाकलं की पसारा 1.1 च्या आसपास येतो, कमी धातूत, कमी वेळात. धातू आणि त्याच्या भोवतीचे गट यांचं नातं शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. आणि क्योटोच्याच गटाने 1997 मध्ये आवर्तसारणीत एक घर वर चढून लोखंडानेही हेच करून दाखवलं. लोखंड तर भोसरीच्या घराघरात आहे.

मोठा प्रश्न उरतो तो धातू परत मिळवण्याचा. इथे मला पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नाव घ्यायचं आहे. 3 जानेवारी 1950 रोजी उघडलेली ही प्रयोगशाळा पिंपरीहून फार लांब नाही, तरी आमच्या कारखान्यांतल्या कित्येकांनी तिचं फाटकही पाहिलेलं नाही. 1995 मध्येच, म्हणजे क्योटोच्या निबंधाच्या वर्षी, रघुनाथ चौधरी, भालचंद्र भानगे, देशपांडे आणि फ्रान्सचे डेल्मास यांचा एक निबंध ‘नेचर’मध्ये आला. त्यांचा धातू रुथेनियमचा शेजारी ऱ्होडियम. त्यांनी तो पाण्यात विरघळणाऱ्या संकुलात ठेवला होता, म्हणजे तेलातला माल वर राहतो आणि महाग धातू खाली पाण्यात. नळ उघडून वेगळा करता येतो. अडचण अशी की तेल आणि पाणी मिसळत नाहीत, त्यामुळे क्रिया रडतखडत चालते. त्यांनी तेलाच्या थरात थोडं ट्रायफिनाइलफॉस्फीन टाकलं. पाण्यातला ऱ्होडियम त्याच्या ओढीने दोन थरांच्या सीमेवर आला आणि वेग दहा ते पन्नास पट वाढला. तेच ट्रायफिनाइलफॉस्फीन, जे आपल्या रुथेनियमला तिन्ही बाजूंनी धरून असतं. साखळ्यांचा त्या निबंधात उल्लेखही नाही. पण महाग धातूचं काम करून घ्यायचं आणि तो मालात जाऊ द्यायचा नाही, हा प्रश्न एकच आहे, आणि पुण्यात तो फार मन लावून विचारला गेला आहे. क्योटोच्या गटानेही पुढे पाण्याकडे ओढ असलेली फॉस्फीन वापरली, की पॉलिमर पाण्याने धुतला म्हणजे रुथेनियम निघून जावं. 2003 मध्ये त्यांनी आणखी पुढचं केलं. ताऱ्याच्या आकाराचा पॉलिमर बनवताना त्याच्या गाभ्यातच रुथेनियम अडकवून टाकलं. साखळी बनवून झाल्यावर तोच तारा दुसऱ्या क्रियेला उत्प्रेरक म्हणून वापरता येतो. पुस्तकातलं हे प्रकरण मी सर्वांत आनंदाने लिहिलं.

पाषाणमध्येच प्रकाश वाडगावकर यांच्या गटाने एटीआरपीसाठी वेगवेगळ्या गटांची टोकं असलेली ‘बियाणं’ बनवली, आणि काजूच्या टरफलाच्या तेलातून निघणाऱ्या कार्डॅनॉलपासून नवे पॉलिमर. कोकणातलं टरफल, जे भाजताना हाताची सालं काढतं, त्याच्या तेलातून असा टिकाऊ पॉलिमर निघतो, याचा मला फार आनंद आहे.

साखळीच्या टोकाला क्लोरीन शिल्लक राहतो म्हणून आणखी एक दार उघडतं. पहिला मोनोमर संपला की दुसरा घालायचा. अर्धी साखळी एका स्वभावाची, अर्धी दुसऱ्या. रंगातलं पिगमेंट सुटं ठेवायला असाच रेणू लागतो: एक टोक कणाला चिकटणारं, दुसरं द्रावकात पसरून कणाकणांना दूर ठेवणारं. बेसकोटची छटा एका ड्रमपासून दुसऱ्या ड्रमपर्यंत तीच राहते ती अशा साखळ्यांच्या जोरावर. ही गोष्ट शेड मॅचिंगला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असं मला वाटतं. अलीकडे रुथेनियम दुसऱ्या वेशातही परत आलं आहे. बायपिरिडिनच्या तीन रेणूंनी धरलेलं, निळा उजेड शोषणारं रुथेनियम संकुल दशलक्षात काही भाग इतकं कमी वापरून राफ्टच्या साखळ्या सुरू-बंद करता येतात, हे 2014 च्या सुमारास सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात दाखवलं गेलं. दिवा विझवला की वाढ थांबते. त्यावर शेवटचं छोटं प्रकरण आहे.

भाषेबद्दल थोडं. विश्वकोशाने पॉलिमरला ‘बहुवारिक’ म्हटलं आहे आणि तो शब्द मला आवडतो, म्हणून क्रियेला ‘बहुवारिकीकरण’ म्हटलं. पण मोनोमर, पॉलिमर, केटल, बॅच हे शब्द शेडमध्ये रोज बोलले जातात, ते तसेच ठेवले. रसायनशास्त्रातली नावं ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये ‘जिवंत’ आणि ‘नियंत्रित’ ही जुनी नावं मागे ठेवून या क्रियेला ‘उलट करता येणाऱ्या निष्क्रियतेचं’ असं लांबलचक नाव दिलं. ते अचूक आहे. तरी मी बहुतेक ठिकाणी ‘नियंत्रित’ म्हटलं, कारण वाचताना अडखळायला होत नाही. ‘डॉर्मंट’साठी मी आधी ‘निद्रिस्त’ लिहिलं होतं. हस्तलिखित वाचायला दिलं ते एका जुन्या ऑपरेटरला, ज्यांनी त्या रात्री माझ्याबरोबर केटलसमोर उभं राहून ॲमीटर पाहिला होता. त्यांनी प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने ‘झोपलेली’ केलं आणि समासात लिहिलं की निद्रिस्त म्हटलं की देवाची मूर्ती डोळ्यांपुढे येते. सगळीकडे तसंच ठेवलं आहे.

त्यांचे, आणि त्या तीन दिवसांत छिन्नी धरलेल्या इतर तिघांचे आभार मानते. ते चौघेही आता निवृत्त आहेत. पुस्तकाची पहिली चार प्रकरणं ज्याला बेरीज आणि टक्केवारी येते अशा कुणालाही वाचता येतील. पाचव्यापासून इलेक्ट्रॉन मोजावे लागतील, त्यासाठी कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

चिंचवड, गुढीपाडवा